गाळलेली ओळ

शाळेच्या बँडचे कोट आमच्याकडे धुवायला येतात, त्यामुळे त्या बँडमधलं एकही मूल मला अनोळखी नाही. ट्रॉम्बोनवाल्याच्या डाव्या बाहीवर कायम जॅम. मोठा ड्रम वाजवणाऱ्या पोराचं खालचं बटण कधीच जागेवर नसतं, आणि त्याची आई दरवेळी आमच्याकडे असं बघते की जणू ते आम्हीच गिळलं. बासरीवाल्या दोघी एकमेकींचे कोट घालून जातात आणि मग बाह्या आखडल्या म्हणून आमच्या नावाने खडे फोडतात. पुढे काउंटरवर मी, मागे वाफेच्या इस्त्रीवर बायको. लग्न झाल्यापासून लाँड्रीत हीच वाटणी आहे, कारण मला इस्त्री जमत नाही आणि तिला गिऱ्हाइकाशी गोड बोलणं जमत नाही.

क्लॅरिनेटवाली मिरी मात्र आमची. मिरी हे नाव मी ठेवलेलं, लहानपणी होती एवढीशी आणि तिखट म्हणून. शाळेच्या पटावर तिचं दुसरं चांगलं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही बघत नाही. ती माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीची मुलगी. मला काका म्हणते, बायकोला मावशी.

त्या बहिणीला बायको नुसतं धाकटी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. नवऱ्याशी फाटल्यावर धाकटी मिरीला कडेवर घेऊन आमच्याकडे राहायला आली. मिरी जेमतेम चालायला लागली होती तेव्हा एका सकाळी धाकटी ‘बाजारात जाऊन येते’ म्हणाली आणि गेली ती गेलीच. आम्ही पोलीस केले, नातेवाईक केले, ओळखीपाळखीच्या सगळ्यांची दारं वाजवली. पुढे कोणाकडून तरी कळलं की ती लांबच्या शहरात आहे, बरी आहे, आणि आपल्याला कोणी शोधू नये असं तिचं म्हणणं आहे.

मिरी बोलायला लागल्यावर एक दिवस दुकानात तिने विचारलं, माझी आई कुठे आहे. मी कोटांना चिठ्ठ्या लावत होतो. बायको इस्त्री थांबवून म्हणाली, “आजारी पडली आणि गेली, बाळा.” मी मान वर केली. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी परत चिठ्ठ्या लावायला लागलो. मग मागच्या खोलीत मला म्हणाली, “टाकून गेली हे सांगण्यापेक्षा हे बरं. मेलेल्या आईवर पोरगी निदान माया तरी करील.” मला ते इतकं पटलं की मी त्यावर पुन्हा विचारच केला नाही.

पण खरं सांगायचं होतंच. जरा मोठी होऊ दे, जरा समज येऊ दे, ही परीक्षा होऊ दे, असं करत करत मिरीचं शाळेतलं शेवटचं वर्ष आलं. उन्हाळ्यात ती संगीत शिकायला परगावी जाणार होती. “तिने हे दुसऱ्या कोणाकडून ऐकलं ना, तर आपण संपलो तिच्या लेखी,” बायको म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. शेवटी ठरलं की वसंतातला बँडचा कार्यक्रम पार पडला की त्यानंतरच्या रविवारी तिघांनी बसायचं आणि सांगून टाकायचं. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही, आणि ही बातमी माझ्या बाबतीत लहान नाही.

यंदा कार्यक्रमात सगळं सिनेमाचं संगीत होतं. बँडचे सर हा एक हडकुळा, कायम घाईतला माणूस. त्याने उत्साहाच्या भरात पोरांना टोप्या, मुखवटे, खोट्या दाढ्या, काय काय आणून दिलं होतं. भुताच्या सिनेमाच्या वेळी ट्रंपेटवाले पांढऱ्या चादरी घेऊन आले. (त्या चादरी आमच्याच दुकानातल्या होत्या आणि परत येताना कशा येणार हे मला तेव्हाच दिसत होतं.) पाठलागाच्या संगीताला ड्रमवाला इतका रंगला की त्याची दाढी गळून ड्रमवर पडली आणि तालात नाचायला लागली. सभागृह खदखदून हसत होतं. आम्ही दोघं पुढच्या ओळीत. बायकोने ठेवणीतला ड्रेस घातला होता आणि तीही हसत होती, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यानंतर ती हसलेली मला आठवत नाही.

मध्यंतराच्या आधीची शेवटची धून मिरीची. दीपगृहाच्या राखणदारावरचा एक फार जुना सिनेमा आहे. आमच्या आधीच्या पिढीने तो बघून रुमालच्या रुमाल ओले केले. मी काही तो पाहिलेला नाही. मला रडायला पैसे मोजायला आवडत नाही. तर त्यातली ती प्रसिद्ध धून आधी मिरीने एकटीने पूर्ण वाजवायची आणि मग सगळ्या बँडने तिला येऊन मिळायचं, असा बेत होता.

सरांनी सगळे दिवे घालवले. वर गॅलरीत एका पोराच्या हातात भला मोठा दिवा दिला होता, तो त्याने दीपगृहासारखा सभागृहावरून फिरवायचा. पहिल्याच फेरीला तो झोत सरळ मिरीच्या डोळ्यांत गेला. तिने डोळे मिचकावले. झोत पुढे गेल्यावर तिच्यापुढचा कागद काळोखात बुडाला होता, ते मलासुद्धा खालून दिसलं. तालमीला हा दिवा नव्हता, तो आज सकाळी सरांच्या डोक्यात आला होता. मिरीने क्षणभर वाट पाहिली, डोळे मिटून घेतले आणि वाजवायला सुरुवात केली.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण ती धून मला कळली. अगदी जशी जायला हवी तशी ती गेली, वळायला हवी तिथे वळली आणि संपली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी टाळ्यांसाठी हात वर केले.

टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. सरांचा हात हवेत तसाच अडकला होता. ट्रंपेटवाले एकमेकांकडे बघत होते. आमच्या मागे बसलेले एक म्हातारे गृहस्थ बाजूच्याला म्हणाले, “मधली ओळ खाल्ली पोरीने.” मग सरांनी गाडा ढकलावा तसा दोन्ही हातांनी बँडला सुरू केलं आणि धून कशीबशी पुढे निघाली.

त्याच वेळी माझ्या मनगटात नखं रुतली. मी वळून पाहिलं. झोत फिरत आमच्यावरून गेला, त्यात मला बायकोचा चेहरा दिसला. पांढराफटक.

“तिला हे कोणी शिकवलं?” ती पुटपुटली.

“सरांनी. अजून कोण?”

“सरांनी नाही. ती उडी सरांना येत नाही. ती उडी जगात दोघींनाच येते. मला आणि धाकटीला.”

बँड वाजत होता आणि ती माझ्या कानाला लागून सांगत होती. माझे सासरे सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवायचे, एवढं मला ठाऊक होतं. त्या थिएटरच्या मालकाकडे दीपगृहाच्या सिनेमाची स्वतःची रिळं होती आणि नवा सिनेमा आला नाही की तोच लावला जायचा. एकदा खेळ चालू असताना रीळ नेमकं त्या धुनेवर फाटलं. सासऱ्यांनी खराब झालेला तुकडा कापून टाकला आणि दोन्ही टोकं चिकटवली. तेव्हापासून त्या थिएटरात ती धून मधली एक ओळ गाळून पुढे उडी मारायची. दोघी बहिणी शाळेतून थेट मशीनच्या खोलीत जायच्या. त्यांना ती धून तशीच पाठ झाली. पुढे मोठेपणी रेडिओवर खरी धून ऐकली तेव्हा दोघींना वाटलं, रेडिओवालाच चुकला.

“अगं, पोरगी घाबरली असेल. दिवा बघितलास ना तो?”

“घाबरून नेमकी तीच ओळ जाते? आणि बरोबर तिथेच सांधते?” तिने माझं मनगट सोडलं नव्हतं. “परत आली ती. भेटतेय पोरीला. आपल्या नाकाखाली.”

गेल्या काही महिन्यांतलं सगळं मला धडाधड आठवायला लागलं. मिरीचे जास्तीचे सराव. जेवताना पालथा ठेवलेला फोन. मी खोलीत गेलो की तिचं गप्प होणं. या वयाच्या सगळ्याच पोरी असं करतात, हे मला कळतं. पण आमच्या धंद्यात एकदा एक डाग दिसला की मग अख्खा कोटच डागाळलेला दिसायला लागतो. धाकटीने तिला काय सांगितलं असेल? मावशी आणि काकांनी तुला जिवंत आईला मेलेली म्हणायला शिकवलं, हेच ना. रविवार आमच्या हातातून गेला होता.

दिवे लागले. टाळ्या चालू असतानाच बायको उठली.

“थांब,” मी म्हणालो, “आज नको, इथे नको.”

ती लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत निघूनसुद्धा गेली. मी तिच्यामागे उठलो तर ट्रॉम्बोनवाल्याची आई आडवी आली. तिला तिच्या मुलाच्या बाहीबद्दल आत्ताच बोलायचं होतं. जॅम कसा जात नाही, गेल्या वेळीही गेला नव्हता, तुम्ही थंड पाणी वापरता का. मी हो हो करत होतो. डोक्यात ती धून चालू होती, आणि मी मनातल्या मनात तिच्याबरोबर जात होतो, शेवटपर्यंत. तेव्हा मला जाणवलं की मीही ती उडी मारूनच पुढे जातोय.

मी तो सिनेमा पाहिलेला नाही. धाकटीला मी कधी गाताना ऐकलेलं नाही. मग मला ही धून कोणाकडून आली?

आणि मग मला इस्त्रीची वाफ ऐकू आली. म्हणजे आठवली. बायको पायाने दांडी दाबते, वाफ फुसकन सुटते आणि त्या आवाजाखाली ती काहीतरी गुणगुणत असते. रोज. मी तिला कधी विचारलं नाही, माणूस काम करताना गुणगुणतो, त्यात विचारायचं काय. तिला स्वतःला ते माहीत असणं शक्य नव्हतं, कारण वाफ सुटली की तिला आपलाच आवाज येत नाही. मला काउंटरवर येतो. आणि काउंटरच्या मागे खोक्यावर बसून जी पोरगी गृहपाठ करायची, तिलाही येत असणार.

मी त्या बाईला तिथेच सोडलं आणि धावलो. माझ्या आकाराच्या माणसाने धावू नये. जिन्यात दोन चादरीवाली भुतं मला धडकली.

पोरांना तयार व्हायला भूगोलाचा वर्ग दिला होता. बाकांवर वाद्यांच्या पेट्या उघड्या पडल्या होत्या, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांवरून भांडण जुंपलं होतं, सर ड्रमवाल्याला दाढी परत चिकटवत होते. खिडकीपाशी मिरी क्लॅरिनेट पुसत उभी होती. बायको तिच्यासमोर. मी दारातून हात वर केला, पण मध्ये अख्खा बँड होता.

“खोटं बोलू नकोस,” बायको समजावणीच्या सुरात म्हणत होती. “मी रागावणार नाही. फक्त सांग, किती दिवस भेटतेस तिला?”

“कोणाला?”

“अगं ए,” मी ओरडलो, “एक मिनिट.”

“तुझ्या आईला,” बायको म्हणाली.

मिरी आधी हसली. तिला वाटलं, मावशी काहीतरी वेगळंच म्हणतेय. “आईला काय? आई तर…” आणि मग ते हसू तिच्या तोंडावर तसंच अर्धवट राहिलं.

“ती धून तुला तिच्याशिवाय कोण शिकवणार?”

“मावशी, ती तूच गुणगुणतेस की. इस्त्री करताना.” मिरी एकेक शब्द सावकाश बोलत होती. “मला लहानपणापासून तशीच येते. सरांनी कागद दिला तेव्हा कळलं की आपल्या घरची वेगळी आहे. मघाशी कागद दिसेना, मग घरचीच वाजली. सरांना सॉरी म्हणाले मी.”

“मी?” बायको म्हणाली. तोवर मी पोचलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. “अहो, मी गुणगुणते?”

“हो.”

“कधी?”

“रोज.”

तिने बाकाची कड धरली. मी इतक्या वर्षांत तिला दमलेली पाहिली आहे, चिडलेली पाहिली आहे, आजारी पाहिली आहे. असं पाहिलं नव्हतं. तिला कळलं होतं की तिला कोणी पकडलं नव्हतं, कोणी काही फोडलं नव्हतं, आणि जे तोंडातून गेलं ते आता परत घेता येणार नव्हतं. सगळं तिनेच केलं होतं, आत्ता, या भूगोलाच्या वर्गात.

“मावशी,” मिरी म्हणाली, “तू ‘भेटतेस’ म्हणालीस.”

घंटा झाली. सरांनी टाळ्या वाजवल्या, चला, चला, जागेवर. पोरं पेट्या मिटत, कोटांची बटणं लावत बाहेर पडायला लागली. मिरी त्यांच्याबरोबर निघाली. दारापाशी ती थांबली आणि मला म्हणाली, “काका, जिवंत आहे?”

या पोरीने मला आजवर शेकडो गोष्टी विचारल्या असतील. एकही कधी एवढ्या हळू विचारली नव्हती.

“हो,” मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि रंगमंचाकडे गेली.

दुसरा भाग आम्ही बसून ऐकला. दुसरं काय करणार होतो? सगळं विनोदी सिनेमांचं संगीत होतं. पोरं मुद्दाम बेसूर वाजवत होती, एकमेकांच्या टोप्या उडवत होती, लोक हसून लोटपोट होत होते. मी मिरीकडे बघत होतो. तिने एक जागा चुकवली नाही. तिच्या वाट्याला गप्प बसण्याच्या जागा आल्या की ती क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवायची आणि आमच्याकडे सरळ बघायची. रागाने बघत नव्हती. पहिल्यांदाच दुकानात आलेलं गिऱ्हाईक बघतं तसं बघत होती. बायको एकदाच बोलली, “नीट वाजवतेय ना?” मी म्हणालो, नीट वाजवतेय.

कार्यक्रम संपला. बाहेर फाटकापाशी सगळे आईबाप जमले होते. ट्रॉम्बोनवाला बापाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेत होता. उजेड अजून पूर्ण गेला नव्हता. आम्ही सायकलींच्या छपराखाली उभे होतो. मिरी आली. डोळे कोरडे होते. मला वाटलं होतं, रडत येईल. रडत आली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं.

“मला एकच विचारायचंय,” ती बायकोला म्हणाली. “आई गेली असं तू मला सांगितलंस. ते ती परत येणार नाही असं वाटलं म्हणून, की येईल असं वाटलं म्हणून?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मेलेल्या आईवर निदान माया तरी करता येते. मी तोंड उघडलं. बायकोने माझी बाही धरून मला थांबवलं.

“येईल म्हणून,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं मी दुसरंच उत्तर उराशी धरून बसलो होतो, आणि ते मला तिनेच दिलं होतं.

“मग आली?” मिरीने विचारलं.

बायको सायकलींकडे बघत होती. कोणाच्या तरी सायकलची घंटा वाजली, कोणीतरी कोणाला उद्याचं काहीतरी ओरडून सांगितलं.

“एकदा,” ती म्हणाली. “तू पहिलीत होतीस. शाळेत गेली होतीस. हे कपडे पोचवायला गेले होते. दुकानात आली. काउंटरवर तुझी पेन्सिल पडली होती, ती हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, मी नेणार नाही तिला, नुसती बघून जाते. मी म्हटलं, ती आता इथे नसते.”

मी रोज त्या काउंटरवर उभा राहतो. रात्री त्याच बाईशेजारी झोपतो. त्या दिवशी कपडे पोचवून परत आल्यावर मी जेवलो असेन, तिला काहीतरी विनोद सांगितला असेन, आणि ती हसली असेल.

“काका, तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

मिरीने माझा चेहरा निरखून पाहिला. लहानपणापासून ती माझ्या तोंडावरून सगळं ओळखायची. आता तिला खात्री करून घ्यायला वेळ लागत होता.

“घरी चल,” बायको म्हणाली. “सगळं सांगते. सगळं.”

“कुठे राहते ती?”

“मला माहीत नाही.”

“मावशी, कुठे राहते?”

“खरंच माहीत नाही, बाळा. तुझ्या गळ्याची शपथ.”

मिरीचा त्यावर विश्वास बसला नाही. माझाही बसला नाही.